सत्तावीस वर्षं चाललेला खुबा

आमच्या थंड, उत्तरेकडच्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर माणूस माणसाशी बोलत नाही. गाणं लिहितो. नवरा-बायको चाळीस वर्षं एका टेबलाशी बसून बटाटे सोलतील, पण एकमेकांविषयी काय वाटतं ते सांगायला साठीचा, सत्तरीचा, ऐंशीचा वाढदिवस उजाडावा लागतो. तेव्हाही स्वतःच्या तोंडाने नाहीच. कुणीतरी शाळेतल्या जुन्या चालीवर दहा कडवी रचतं, ती छापून प्रत्येकाच्या ताटाशेजारी सुरळी करून ठेवतात, आणि पन्नास माणसं एका सुरात ती म्हणतात. जिच्याबद्दल गाणं असतं ती मधल्या खुर्चीवर बसून लाल होते. झालं. आयुष्यभराचं बोलणं उरकलं. याला आम्ही प्रेम म्हणतो, आणि वर मिरवतोही.

थीराच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं गाणं तिच्या सुनेने, लोनेने, लिहिलं होतं. तीस वर्षांपूर्वी ती तॉर्बेनशी लग्न करून या घरात आली तेव्हाच ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं. घरात कुणाला यमक जमत नव्हतं, आणि बाहेरून आलेल्या सुनेला काहीतरी देऊन बसवायचं होतं. सासऱ्याच्या, आक्सेलच्या, पंचाहत्तरीचं गाणं तिचं, त्याच्या मयताच्या जेवणातलंही तिचंच.

गावच्या सभाघरात लांबलचक टेबलं मांडली होती, त्यांवर लाल-पांढरे कागदी झेंडे. गोळ्यांचं सूप झालं, भाजलेलं डुक्कर आणि साखरेत घोळलेले बटाटे झाले. तॉर्बेनने उभं राहून चमच्याने ग्लास वाजवला.

"आता लोनेचं गाणं. ज्यांना चाल येत नाही त्यांनी जोरात म्हणायचं. चुकलेलं कळत नाही."

लोक हसले. सुरळ्या उघडल्या. लोनेने आपला कागद सरळ केला; आज ती खुशीत होती. सातवं कडवं तिला फार साधलं होतं.

सातव्या कडव्याचा मजकूर तॉर्बेनकडून आला होता. तीन आठवड्यांपूर्वी तो आईला इस्पितळात नेऊन आणून घरी आला, बूट काढता काढता म्हणाला, "आईचा बदललेला खुबा गेला. वाटी झिजलीय. जानेवारीत पुन्हा करायचाय." मग बहिणीविषयी मोजून पाच शब्द आणखी: "मेरेतेला आई स्वतः सांगणार आहे." लोनेने तीन आठवडे वाट पाहिली. सांगणार आहे म्हणजे एव्हाना सांगितलं असेल. झालं का सांगून, असं विचारायचं कुणाला? आमच्याकडे असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं. त्यापेक्षा आम्ही गृहीत धरतो. आणि गृहीत धरलेलं मोठ्या अक्षरात छापतो.

पहिल्या कडव्यात थीराचा जन्म झाला, दुसऱ्यात ती दूध-डेअरीत कामाला लागली, तिसऱ्यात आक्सेलने तिला सायकलवरून पाडलं आणि मग मागणी घातली. सहाव्यानंतर सगळ्यांचे गळे तापले होते.

*सत्तावीस वर्षं धावला खुबा, ना तेल लागलं ना पाणी,*
*गायींमागे, नाचामागे, नव्हती कधी गाऱ्हाणी;*
*आता बिचारा कुरकुरतोय, वाटी झिजली जुनी,*
*जानेवारीत नवी बसवू, हसू नका हो कुणी!*

हसू नका म्हटल्यावर सगळे हसले. लोनेने समोर पाहिलं. मेरेते गात होती, तोंड उघडं होतं, आणि त्या उघड्या तोंडातून आवाज येईनासा झाला होता.

*

मेरेतेने ते कडवं शेवटपर्यंत म्हटलं होतं. नंतर तिला याचीच सगळ्यात जास्त चीड आली. तोंड म्हणत गेलं, चाल पुढे ढकलत गेली, आणि "वाटी झिजली जुनी" हे तिने चांगलं खणखणीत म्हटलं. मग अर्थ आला. आवाज आधी, अर्थ मागून, विजेनंतर गडगडाट यावा त्याच्या उलट.

तिने आईकडे पाहिलं. बाकी सगळे आपापल्या कागदात. आई कागदात नव्हती. आई तिच्याकडेच बघत होती.

म्हणजे खरं होतं.

आणखी तीन कडवी उरली होती. गाणं मध्येच सोडून कुणी उठत नाही, घराला आग लागली तरी आधी गाणं संपवतील ही माणसं. आठव्या कडव्यात थीराची कॉफी इतकी काळी की चमचा उभा राहतो; नवव्यात नातवंडं; दहाव्यात सूर्य, समुद्र आणि दीर्घायुष्य. मग सगळे उभे राहिले, कारण तीनदा हुर्रे करायचं असतं. मेरेतेने दोन्ही हात टेबलावर रोवले, उजव्या पायावर भार घेतला आणि डावा मागून ओढला. खुब्यात हाडावर हाड घासलं. हुर्रे. हुर्रे. हुर्रे. आणि मग चौथा, तो लांबवायचा.

वय पंचावन्न. गावात तिचं केस कापायचं दुकान. दोन वर्षं ती चाकांच्या स्टुलावर बसून केस कापत होती, गिऱ्हाईकाभोवती फिरत, आणि विनोदाने म्हणायची की आता मी फॉर्म्युला वनची केशकर्तनकार आहे. रात्री चार तास झोप. खुबा बदलायच्या ऑपरेशनची तारीख तिने दोनदा घेऊन दोनदा रद्द केली होती. तिसरी तारीख चौदा ऑक्टोबर, आजपासून सोळा दिवसांनी. डॉक्टर म्हणाला होता की बहुतेकांचे वीस-पंचवीस वर्षं टिकतात. तिला "बहुतेक" हा शब्द आवडला नव्हता. मग आई म्हणाली होती, "डॉक्टरचं सोड. माझ्याकडे बघ." आणि तिने आईकडे बघून हो म्हटलं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

ती उठली आणि कोट टांगायच्या खोलीत गेली. जाताना लंगडणं लपवलं नाही.

लोने धावत मागे आली. हातात अजून गाण्याचा कागद.

"तुला माहीत नव्हतं?"

"मला माझ्याच तोंडून कळलं, लोने. तुझ्या यमकात."

"अरे देवा. मला वाटलं..."

"तुला कुणी सांगितलं?"

लोनेने उत्तर द्यायच्या आत उत्तर दारात येऊन उभं राहिलं. सत्तावन्न वर्षांचा, सहा फूट दोन इंच, मान खाली.

"आई सांगणार होती," तॉर्बेन म्हणाला.

"आणि तू? तुला जीभ नाही?"

"मला म्हणाली, कुणाशी बोलू नको."

"बायकोशी बोललास की."

"बायकोला सांगणं म्हणजे काही बोलणं नव्हे."

"काय म्हणालास?" लोने वळली. आत्तापर्यंत ती नवऱ्याच्या बाजूला उभी होती. आता एक पाऊल टाकून नणंदेच्या बाजूला गेली. "पुन्हा म्हण."

"तसं नाही म्हणायचं मला..."

"तीस वर्षं मी तुमच्या घरची गाणी लिहितेय, तॉर्बेन. कारण तुम्ही कुणी एकमेकांना काही सांगत नाही. आणि मला जे सांगता ते अर्धं सांगता. मग मी पन्नास लोकांसमोर तुझ्या बहिणीच्या थोबाडीत मारते, आणि तू म्हणतोस बायकोला सांगणं म्हणजे बोलणं नव्हे!"

"हळू. लोक ऐकतील."

"ऐकू देत!"

मेरेते कोटांच्या खालच्या बाकावर बसली. "भांडू नका. सोपं झालं उलट. सोमवारी फोन करून चौदा तारीख रद्द करते."

तॉर्बेनचं डोकं वर आलं. हे वाक्य त्याला अपेक्षित होतं. आईने गप्प बसायला सांगितलं ते याच वाक्याच्या धास्तीने.

"म्हणजे आजीसारखं करणार?"

"आजीचं नाव काढू नको."

"काढणार. आईची आई साठाव्या वर्षी दोन काठ्यांवर आली. पासष्टाव्या वर्षी कोंबड्यांना दाणे घालायला गुडघ्यांवर रांगत जायची, आणि आजोबा खिडकीतून बघत बसायचे, कारण मदत केली तर तिला राग यायचा. शेवटची अकरा वर्षं खुर्चीत. तुझी चाल हुबेहूब तिची आहे. मागून बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो."

"तिला खुबा मिळालाच नाही. मला मिळेल, आणि मग तो मला आतून खाईल. काय वाईट ते माझं मला ठरवू दे."

दाराशी खोकल्याचा आवाज आला. एगॉनमामा. थीराचा धाकटा भाऊ, शहात्तर वर्षांचा, डाव्या बुटाला जाड तळवा. त्याच्या हातात ब्रँडीचे दोन पेले होते. त्याने एक मेरेतेच्या हातात दिला, दुसरा स्वतः प्यायला.

"मामा, तू तरी खरं सांग," मेरेते म्हणाली. "तुझे दोन्ही बदललेत."

"उजवा एकोणीस वर्षांपूर्वी. तो आहे हे मला आठवतही नाही. डावा बारा वर्षांपूर्वी. पहिल्या वर्षात तीनदा निखळला, एकदा तर चर्चमध्ये, प्रार्थनेला उठताना. मग त्यात पू झाला. काढून टाकला. तीन महिने मी खुब्याशिवाय होतो, मेरेते. पाय नुसता लटकत होता, ओल्या पाटलोणीसारखा. मग नवीन घातला. दोन सेंटिमीटर आखूड."

"मामा!" तॉर्बेन ओरडला. "तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"तिने खरं विचारलं. खोटं विचारलं असतं तर खोटं सांगितलं असतं."

"माझं तुझ्यासारखं झालं तर?" मेरेतेने विचारलं.

"होऊ शकतं. शंभरातल्या एखाद्याचं होतं. तो एखादा मी. कुणीतरी असावं लागतं."

"पुन्हा केलं असतंस?"

एगॉनने पेल्याच्या तळाकडे पाहिलं. "उजव्या पायाला विचारलंस तर तो म्हणेल आजच. डाव्याला विचारलंस तर तो शिव्या घालील. पण आज सकाळी समुद्रापर्यंत दोघं बरोबर चालत गेले. भांडत, पण गेले."

*

सभाघरात थीरा एकटी बसली होती, म्हणजे पन्नास माणसांत. लोक येत होते, पाकिटं ठेवत होते, हात दाबत होते. "काय गं, पुन्हा गॅरेजात?" शेजारची एक म्हणाली. थीरा हसली. हसायचं असतं.

मार्चपासून ती हसत होती. मार्चमध्ये जांघेत पहिल्यांदा कळ आली, मग मांडीतून खाली. लपवण्याची कला तिने महिनाभरात शिकून घेतली. मेरेते यायच्या आधी पोचायचं आणि बसून घ्यायचं. मेरेते गेल्यावर उठायचं. गावातून जाताना सायकल हातात धरून ढकलत न्यायची. काठी घेतली की लोक विचारतात, सायकलला कुणी विचारत नाही. सहा महिने तिने ती सायकल चालवली नव्हती, नुसती फिरवली होती.

एक्स-रे बघून डॉक्टरीणबाईने पडद्यावर बोट ठेवलं होतं. वाटीतलं प्लास्टिकचं अस्तर एका बाजूने कागदासारखं पातळ झालं होतं. त्याचे बारीक कण वर्षानुवर्षं आत पडत होते, आणि शरीर त्यांच्यावर चालून जाता जाता हाडही खात होतं. कंबरेच्या हाडात खुब्यामागे भोकं होती, अंड्याएवढी. "हे दहा वर्षं तरी चालू असणार," ती म्हणाली होती. "तेव्हा दुखत नाही. तेच वाईट आहे."

कोटांच्या खोलीचं दार बंद होऊन दहा मिनिटं झाली होती.

थीराने टेबलाला धरलं आणि उठली. मग सगळ्या सभाघरासमोर, खुर्च्यांच्या पाठी एक एक धरत, डावी-उजवीकडे झुलत चालत गेली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच जशी चालते तशी. बोलणी थांबली. कुणी उठून हात द्यायला आलं नाही. हात दिला तर तिला दिसेल की आपल्याला दिसलं. असली आमची सभ्यता.

दार उघडून ती आत गेली.

"तॉर्बेन, लोकांना कॉफी दे. लोने, केक काप. एगॉन, तू नुसता जा."

"थीरा, मला माफ..." लोने म्हणाली.

"गाणं चांगलं होतं. सातवं सगळ्यात चांगलं. चूक माझी होती, ती तू यमकात बसवलीस. जा आता."

दार लागलं. दोघी राहिल्या, आणि पन्नास ओले कोट. थीरा बाकावर बसायला लागली तेव्हा तिला आधी एक हात भिंतीला, मग दुसरा मेरेतेच्या खांद्याला लावावा लागला. मेरेतेने ते सगळं पाहिलं. कुठे दुखतं, किती दुखतं, ते तिच्याइतकं त्या गावात कुणाला कळणार होतं?

"कधीपासून?"

"मार्च."

"मार्च! मी तुला जूनमध्ये विचारलं होतं. तुझ्या स्वयंपाकघरात. आई, खरंच काही त्रास नाही ना, असं विचारलं होतं. तू म्हणालीस, विसरूनच जाते मी."

"बसले होते तेव्हा. बसल्यावर दुखत नव्हतं."

"आई!"

"खोटं बोलले," थीरा म्हणाली. "हो. खोटं."

सभाघरात कुणीतरी हसलं, कपबश्या वाजल्या. मेरेतेने पेला बाकावर ठेवला.

"मी लोकांच्या डोक्यावर कात्री चालवते. कुणाला टक्कल पडतंय हे मी त्यांना तोंडावर सांगते. आणि माझी आई मला परक्या गिऱ्हाइकासारखं गोड बोलून फसवते."

"फसवलं. पण मार्चनंतर. त्याआधीचं एक अक्षर खोटं नाही." थीरा पुढे झुकली. "तुला सगळं सांगते. नीट ऐक, मी दुसऱ्यांदा सांगणार नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, मेले असते तर बरं. सहाव्या आठवड्यात काठी टाकली. तिसऱ्या महिन्यात गोठ्यात गेले. एका वर्षाने दुखणं कसं होतं तेच आठवेना. दहा वर्षांनी तपासणीला बोलावलं, गेले, सगळं ठीक होतं. बाराव्या वर्षी तुझा बाबा पक्षाघाताने पडला. त्याला रोज सकाळी मी उचलत होते, मेरेते. पंच्याण्णव किलो. तुझ्या आजीच्या पायांनी उचलू शकले असते का? चार वर्षं काढून तो घरातच मेला, कुठल्या संस्थेत नाही. ते त्या खुब्याने दिलं मला."

मेरेतेने ब्रँडीचा पेला तिच्याकडे सरकवला.

"पंधराव्या वर्षी पुन्हा पत्र आलं. विसाव्या वर्षीही आलं. नाही गेले."

"का?"

"दुखत नव्हतं."

"का, आई?"

"तिथे दुखणारे लोक रांगेत असतात. त्यांची जागा कशाला अडवायची, म्हटलं. डॉक्टरांना उगाच त्रास." थीरा स्वतःच्या हातांकडे बघत होती. "डॉक्टरीणबाई म्हणाली, पंधराव्या वर्षी आला असतात तर आतलं अस्तर तेवढं बदललं असतं. तीन दिवसांचं काम. आता वाटी काढायची, मेलेल्या माणसांचं हाड भोकांत भरायचं, लोखंडाची जाळी बसवायची. हे सगळं मी कुणाला त्रास नको म्हणून."

सगळ्या किनारपट्टीचं हे असंच आहे. ही माणसं बुडताना ओरडणार नाहीत, कारण किनाऱ्यावरच्यांची जेवायची वेळ असते. याला नम्रपणा म्हणून पोरांना शिकवतात. थीराच्या कंबरेत त्या नम्रपणाने अंड्याएवढी भोकं पाडली होती.

"म्हणजे खुब्याने दगा नाही दिला," मेरेते सावकाश म्हणाली.

"खुब्याने त्याचं काम केलं. मी माझं नाही केलं."

"आणि हे तू मला एक्स-रे झाला तेव्हाच सांगितलं असतंस तर?"

"तर तू तारीख रद्द केली असतीस. आत्ता करायला निघालीस तशी. तॉर्बेनचा आवाज इथून बाहेर येतो."

 मेरेतेने पाय लांब केला, कळ आली, पुन्हा जवळ घेतला.

"जानेवारीत कितव्या तारखेला आहे तुझं?"

थीरा एकदम कोटांकडे बघायला लागली, जणू तिला तिचा शोधायचा होता.

"आई. कितव्या?"

"नाही आहे."

"गाण्यात जानेवारी आहे."

"तॉर्बेनला जानेवारी माहीत आहे. परवा मी फोन करून नको म्हटलं. ऐंशी झाले, पुरे झालं, दुसऱ्या कुणाला द्या, म्हटलं."

"आणि पडलीस तर? त्या पोखरलेल्या हाडावर?"

"तर मोडेल. मग विचारायला कुणी येणार नाही, सरळ कापतील. तेही सांगितलंय तिने."

"मग वेड लागलंय का तुला? मला सुरीखाली जा म्हणतेस आणि स्वतः..."

"मी हो म्हटलं असतं तर तुला सांगावं लागलं असतं!" थीराचा आवाज पहिल्यांदाच चढला. बाहेरच्या कपबश्या थांबल्या. "एवढं मोठं ऑपरेशन, आठ दिवस इस्पितळ, कुठे लपवणार होते? नाही म्हटलं की लपवता येत होतं. तुझं होईपर्यंत. तू चालायला लागेपर्यंत. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी माझ्या आईला कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत रांगताना पाहिलं. मुलीला नाही बघणार."

  सभाघरात एगॉनमामा कुणालातरी चर्चमधली गोष्ट पुन्हा सांगत होता. ओल्या लोकरीचा वास येत होता. मेरेतेला हुंदका आला तो तिने गिळला नाही, आणि आईने खिडकीकडे बघितलं नाही. एवढंही त्या घरात पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग मेरेतेने बाहीने नाक पुसलं. "परत फोन करायचा. हो म्हणून सांगायचं."

"जागा दिली असेल त्यांनी कुणाला."

"मग फेब्रुवारी मागायचा. मागायचा, आई. आपल्याला हवंय असं म्हणायचं."

"आणि तू?"

"मी चौदाला जातेय."

थीराने तिच्याकडे नीट पाहिलं. "माझ्यामुळे जाऊ नको."

"तुझ्यामुळे नाही. तुझ्यामुळे जात होते ते मघाशी संपलं, सातव्या कडव्यात. आता माझं मी जातेय. वीस वर्षं मिळाली तर वीस. मामासारखं झालं तर जाड तळव्याचा बूट घालीन. पण पत्र आलं की मी जाणार, दुखो न दुखो, त्यांच्या दारात जाऊन बसणार." ती थांबली. "आणि तुझ्या दिवशी गाडी मी चालवणार."

"सहा आठवडे चालवू देत नाहीत."

"नोव्हेंबर संपताना सहा होतात."

थीराने बोटांवर मोजलं. "रस्त्यावर बर्फ असेल."

"असेल."

"पहाटे पाचला उठायला लागेल. सातला हजर राहायचं असतं. उपाशी."

"उठीन. तोवर माझे पायमोजे माझे मी घालत असेन. तुझेही घालीन."

थीराचे ओठ हलले. तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि आमच्या बोलीत त्याला शब्द नाही; चाल लागते. तिने चाल लावली नाही. भिंतीला धरून उठली, मेरेतेने खालून तिच्या कोपराला हात दिला, आणि या वेळी तिने तो झटकला नाही. दोघी दारापर्यंत आल्या, एक डावीकडे लंगडत, एक उजवीकडे, एकमेकींवर आदळत.

थीराने दार उघडलं. पन्नास माणसं केकच्या बश्या धरून उभी होती, सगळी भलतीकडे बघत.

"ऐका," थीरा म्हणाली. कुणी ग्लास वाजवला नव्हता. "माझा खुबा मोडीत निघालाय. भीती वाटते म्हणून मी डॉक्टरांना नको म्हटलं होतं. सोमवारी हो म्हणणार आहे. मेरेतेचा चौदा तारखेला आहे. तिलाही भीती वाटते. आता मला एक खुर्ची द्या कुणीतरी, मला उभं राहवत नाही."

क्षणभर कुणालाच कळेना, याच्यावर काय करायचं असतं. मग पन्नास माणसं एकदम खुर्च्या घेऊन निघाली.